अँटिबायोटिक इंजेक्शनचे बिल : बाटल्या मोजा, सह्या जुळवा

पावसाळ्यात उल्हास नदी फुगली की बदलापूर पश्चिमेच्या सखल भागात आधी पाणी शिरते आणि त्यामागून ताप येतो. टायफॉइड, लेप्टो, न्यूमोनिया, पायाच्या जखमेत झालेला पू. आपल्या बेलवलीत कोणाच्या ना कोणाच्या घरातला माणूस चार-पाच दिवस हॉस्पिटलात काढून येतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात, "अँटिबायोटिक चालू केलंय." डिस्चार्जच्या दिवशी खिडकीतून आठ-दहा पानांचे बिल येते. आपण शेवटच्या पानावरचा आकडा बघतो, बचत गटाला फोन लावतो, दागिने मोडतो, पैसे भरतो आणि माणूस घरी आणतो. मधली पाने कोणी वाचत नाही.

त्या मधल्या पानांवरच इंजेक्शने असतात. खोलीचे भाडे आपल्याला कळते, डॉक्टरांची फी कळते. पण इंजेक्शनची नावे अवघड, आकडे बारीक, त्यामुळे आपण तिथे हात टेकतो. वॉर्डात अनेक वर्षे इंजेक्शने भरली आणि दिली, म्हणून सांगते, हे बिल वाचायला डॉक्टर असावे लागत नाही. दहावी झालेल्या मुलीला अर्ध्या तासात शिकवता येते. एक नियम लक्षात ठेवायचा : बिलात जितक्या बाटल्या, तितक्या सह्या सिस्टरच्या कागदावर हव्यात. बाकी सगळे या एका नियमाभोवती फिरते.

एक इंजेक्शन, बिलात अनेक ओळी

अँटिबायोटिकचे इंजेक्शन बहुतेक वेळा पावडरच्या रूपात येते. रबरी बुचाची छोटी काचेची बाटली असते, तिला हॉस्पिटलात व्हायल म्हणतात. पावडरमध्ये निर्जंतुक पाणी घालायचे, सिरिंजमध्ये ओढायचे, गरजेनुसार १०० मिलीच्या सलाईनमध्ये मिसळायचे आणि हातातल्या सुईच्या नळीतून, म्हणजे कॅन्युलातून, सावकाश सोडायचे.

म्हणून एका डोससाठी बिलात व्हायल, निर्जंतुक पाणी, सिरिंज, सुई, १०० मिली सलाईन, आयव्ही सेट, हातमोजे अशा ओळी येऊ शकतात. त्याशिवाय काही ठिकाणी इंजेक्शन चार्ज किंवा नर्सिंग चार्ज वेगळा लावतात. यातल्या बऱ्याच वस्तू खरोखर लागतात. प्रश्न संख्येचा असतो. सिरिंज दर डोसला नवी लागते, पण कॅन्युला रोज नवी लागत नाही. ती नीट चालत असेल तर दोन-तीन दिवस टिकते. लहान मुलांची मात्र लवकर निघते किंवा सुजते, तेव्हा पुन्हा लावावी लागते. पाच दिवसांच्या बिलात मोठ्या माणसाच्या नावावर दहा कॅन्युला दिसल्या, तर शांतपणे विचारायचे, "इतक्या वेळा बदलली का? कधी बदलली?" प्रत्येक वेळेची नोंद सिस्टरच्या कागदावर असायला हवी.

औषधाचे नाव वेगळे, कंपनीचे नाव वेगळे

बिलात कंपनीने ठेवलेले नाव असते. त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात मूळ औषधाचे नाव असते. आपल्याला मूळ नाव हवे. हॉस्पिटलात नेहमी दिसणारी काही अशी :

सेफ्ट्रिॲक्झोन : टायफॉइड, लेप्टो, न्यूमोनिया अशा अनेक आजारांत. दिवसातून एकदा किंवा दोनदा.

अमिकासिन : बहुधा दिवसातून एकदा किंवा दोनदा. मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवून देतात.

पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम : वॉर्डात तोंडी 'पिपटॅझ'. सहा किंवा आठ तासांनी.

मेरोपेनेम : गंभीर जंतुसंसर्गात. बहुधा आठ तासांनी.

व्हँकोमायसिन, लिनेझोलिड : ठरावीक हट्टी जंतूंसाठी. बहुधा बारा तासांनी.

कोलिस्टिन : इतर औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंसाठी राखून ठेवलेले.

मूत्रपिंड बिघडलेले असेल, वय फार कमी किंवा फार जास्त असेल, तर डोस आणि वेळा बदलतात. म्हणून वरची यादी पाहून "इतकेच लागायला हवे होते" असा निष्कर्ष काढू नका. डॉक्टरांनी काय लिहिले ते बघा.

डॉक्टरांच्या कागदावर वेळा अक्षरांत असतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, क्यूआयडी म्हणजे चारदा. स्टॅट म्हणजे आत्ताच, एकदाच. ही पाच अक्षरे घरातल्या एकाने पाठ केली तरी निम्मे बिल वाचता येते.

मोजणी कशी करायची

हे उदाहरणाने सांगते. आकडे समजण्यापुरते आहेत.

समजा, रुग्ण सोमवारी संध्याकाळी दाखल झाला. डॉक्टरांनी मेरोपेनेम एक ग्रॅम, टीडीएस लिहिले. वॉर्डातल्या वेळा सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० अशा आहेत. पहिला डोस सोमवारी रात्री १० ला पडला. मंगळवार, बुधवार, गुरुवार प्रत्येकी तीन, म्हणजे नऊ. शुक्रवारी सकाळी ६ चा शेवटचा डोस, मग डॉक्टरांनी गोळी सुरू करून घरी सोडले. एकूण डोस : एक अधिक नऊ अधिक एक, म्हणजे अकरा.

आता बिल पाहा. बिल करणाऱ्याने सोमवार ते शुक्रवार पाच दिवस, रोज तीन, असे धरून पंधरा व्हायल लावल्या असतील, तर चार जास्त झाल्या. एका व्हायलची छापील किंमत समजा एक हजार रुपये असेल, तर चार हजार रुपये. आपल्यातल्या घरकाम करणाऱ्या बाईचा तो एका घरचा महिन्याचा पगार असू शकतो.

ही चूक मुद्दाम होते असे प्रत्येक वेळी नसते. वॉर्डातून मेडिकलला मागणी जाते, तिला इंडेंट म्हणतात. इंडेंट बहुधा पूर्ण दिवसाचा किंवा त्याहून जास्त काळाचा असतो. मधेच डॉक्टर औषध बदलतात किंवा रुग्ण घरी जातो. उरलेल्या व्हायल मेडिकलला परत जायला हव्यात आणि बिलात 'रिटर्न' म्हणून वजा व्हायला हव्यात. परत गेल्या पण वजा झाल्या नाहीत, किंवा परत गेल्याच नाहीत, तर पैसे आपल्या खिशातून जातात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी पहिला प्रश्न हाच : "उरलेल्या औषधांचं रिटर्न झालं का? रिटर्नची पावती दाखवा." अँटिबायोटिक मधे बदलले असेल, तर हा प्रश्न त्याच दिवशी विचारायचा. चार दिवसांनी कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता सह्यांकडे. प्रत्येक दाखल रुग्णाची एक ट्रीटमेंट शीट असते, कुठे तिला ड्रग चार्ट म्हणतात. डॉक्टर औषध लिहितात. सिस्टर डोस दिल्यावर वेळ टाकून सही करते. वेळ आणि सही नसेल, तर कागदाच्या दृष्टीने तो डोस दिलेला नाही. नर्सिंगच्या शिक्षणात हे पहिल्या वर्षापासून अंगवळणी पाडतात. बिल काउंटरवर तयार होते, शीट पलंगापाशी तयार होते. दोन्ही कागद वेगवेगळ्या हातांनी भरलेले असतात, म्हणूनच ते एकमेकांशी पडताळून बघण्यात अर्थ आहे.

व्हायलचा आकारही बघायचा. सेफ्ट्रिॲक्झोन २५० मिलिग्रॅम, ५०० मिलिग्रॅम, १ ग्रॅम अशा बाटल्यांत मिळते. लहान मुलाचा डोस वजनावर ठरतो. मुलाला ५०० मिलिग्रॅम द्यायचे आणि दर वेळी एक ग्रॅमची बाटली फोडायची, तर अर्धे औषध वाया जाते आणि बिल पूर्ण बाटलीचे येते. "छोटी बाटली मिळेल का?" एवढा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला तर पुढचे सगळे डोस सुधारतात.

रिकाम्या व्हायल मात्र घरी आणू नका. तो जैववैद्यकीय कचरा आहे, काचेच्या बाटल्या हॉस्पिटलात निळ्या खुणेच्या डब्यात जातात. सिस्टरला विचारून बाहेरच्या खोक्याचा किंवा लेबलचा फोटो काढून ठेवा. त्यावर मूळ नाव, बॅच नंबर, मुदत आणि छापील किंमत असते. मेडिकलच्या बिलावरही बॅच नंबर असतो. दोन्ही जुळायला हवेत.

छापील किंमत म्हणजे रास्त किंमत नव्हे

छापील किंमत, म्हणजे एमआरपी, सर्व करांसह असते. तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त घेतला तरी तो गुन्हा आहे. एवढे बहुतेकांना माहीत असते. पुढचे कमी जणांना माहीत असते.

केंद्र सरकारची आवश्यक औषधांची राष्ट्रीय यादी असते. त्या यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली ठरवते. यादीबाहेरच्या औषधाची पहिली किंमत कंपनी स्वतः ठरवते. नंतर वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, एवढेच बंधन. सध्याची यादी सप्टेंबर २०२२ मध्ये आली, तिच्यात ३८४ औषधे आहेत. मेरोपेनेम त्या वेळी नव्याने यादीत आले. आपल्या बिलांमध्ये सर्वांत जड पडणाऱ्या इंजेक्शनांपैकी ते एक. म्हणजे तोवर त्याच्या किमतीला सरकारी कमाल मर्यादा नव्हती.

यादीला पळवाटही आहे. सेफ्ट्रिॲक्झोन एकटे यादीत आहे. पण त्यात सल्बॅक्टम मिसळले की ते वेगळे औषध ठरते आणि कमाल किंमतीच्या बाहेर जाते. डॉक्टरांना तेच मिश्रण का हवे आहे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. "नुसतं सेफ्ट्रिॲक्झोन चालेल का डॉक्टर?" या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खाजगी रुग्णालयांची बिले तपासून अहवाल काढला. औषधे, सिरिंजसारखे साहित्य आणि तपासण्या मिळून बिलाचा सुमारे ४६ टक्के भाग होत होता. किंमत नियंत्रणात असलेल्या औषधांचा वाटा सुमारे ४ टक्के, नियंत्रणाबाहेरच्या औषधांचा सुमारे २५ टक्के. काही वस्तूंवरचा नफा १७३७ टक्क्यांपर्यंत होता. त्यातली मेख अशी की बहुतेक ठिकाणी एमआरपी ओलांडलेली नव्हती. रुग्णालय घाऊक भावात अगदी स्वस्त घेते, खोक्यावर मोठी किंमत छापलेली असते आणि रुग्णाला त्या छापील किमतीने बिल लागते. सगळे कायद्याच्या चौकटीत.

म्हणून मूळ नाव हवे. एकाच मूळ औषधाच्या दोन कंपन्यांच्या व्हायलच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो. "हेच औषध कमी किमतीच्या कंपनीचं द्या," असे पहिल्या दिवशी डॉक्टरांना सांगणे हा घासाघिशीचा प्रकार नाही. घरची परिस्थिती डॉक्टरांना माहीत असलीच पाहिजे.

करोनाच्या वेळचा धडा

बिल कुठे वाढते हे सरकारी कागदावरही दिसले. करोनाच्या साथीत, २१ मे २०२० रोजी, महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांवर दर बांधून दिले. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभाग व्हेंटिलेटरशिवाय ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. खाट, नर्सिंग, जेवण, नेहमीची औषधे त्यात धरली होती. पण काही गोष्टी दराबाहेर ठेवल्या आणि त्या एमआरपीने लावायला मुभा दिली. त्या बाहेरच्या यादीत महागडी औषधे म्हणून जी नावे होती, त्यांत मेरोपेनेमचे नाव होते.

म्हणजे खाटेचा दर बांधला, पण इंजेक्शनची ओळ मोकळी राहिली. ज्यांनी तेव्हा बिले भरली त्यांना आठवत असेल, खाटेचा आकडा ठरल्याप्रमाणे आणि 'फार्मसी'चा आकडा त्याहून मोठा. त्या काळात महापालिकांनी लेखापरीक्षक बसवून बिले तपासली आणि अनेक ठिकाणी रुग्णालयांना जादा घेतलेली रक्कम परत करावी लागली. त्यावरून हे सिद्ध झाले की बिल तपासले की ते कमी होते. साथ संपली, लेखापरीक्षक गेले. आता तपासणारे आपणच आहोत.

कोड म्हणजे काय?

कल्याण-बदलापूरकडे 'मेडिकल कोडिंग'च्या क्लासच्या जाहिराती दिसतात. आपली काही मुले-मुली ऐरोलीच्या कंपन्यांत ते काम करतात. तिथे अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिले कोडात बसवली जातात. त्यांना विचारा, बाहेरून येऊन इंजेक्शन घेऊन जाणाऱ्या रुग्णाचे बिल तिथे कसे होते.

तिथे प्रत्येक इंजेक्शनला कोड असतो आणि प्रत्येक कोडाला माप. सेफ्ट्रिॲक्झोनचा कोड 'जे ०६९६', त्याचे माप २५० मिलिग्रॅम. एक ग्रॅम दिले तर चार मापे लिहायची. मेरोपेनेमचा कोड 'जे २१८५', माप १०० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमला दहा मापे. कोड भरणाऱ्याने आधी नर्सची नोंद बघायची, किती मिलिग्रॅम दिले ते. नोंद नाही, तर त्या इंजेक्शनचे पैसे मागायला आधार नाही. सरकारी मेडिकेअर विम्यात २०१७ पासून आणखी एक अट आहे. बाटलीतले काही औषध फेकावे लागले, तर किती दिले आणि किती फेकले हे वेगवेगळे दाखवायचे. २०२३ पासून तर काहीच फेकले नाही, हेही खूण करून सांगावे लागते.

आपल्या गल्लीतली मुलगी सातासमुद्रापलीकडच्या रुग्णासाठी एकेक मिलिग्रॅम जुळवते. तीच नजर घरच्या बिलाला लावायची आहे. आपल्याकडे रोख बिल भरणाऱ्याला असा सक्तीचा कोड नाही, म्हणून व्हायल आणि सही हेच आपले माप.

आपल्याकडे कोड येतो तो योजनेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही रेशन कार्ड चालते. योजनेत प्रत्येक उपचाराला कोड आणि ठरलेली पॅकेज रक्कम असते. खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे आणि जेवण त्या रकमेतच धरलेले असते. अँटिबायोटिक इंजेक्शनही त्यातच.

त्यामुळे योजनेत मंजुरी मिळालेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला कोणी म्हणाले, "हे इंजेक्शन योजनेत बसत नाही, बाहेरून आणा," तर लगेच धावू नका. आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, १५५३८८ वर फोन करा. जीव धोक्यात असेल आणि आणावेच लागले, तर चिठ्ठी आणि पावती दोन्ही जपून ठेवा. त्यावर तक्रार करता येते. साध्या तापाच्या प्रत्येक दाखल्याला योजना लागू होईलच असे नाही, म्हणून दाखल होतानाच आरोग्यमित्राला विचारणे महत्त्वाचे. डिस्चार्जच्या दिवशी रेशन कार्ड काढून उपयोग नसतो.

खाजगीत जाण्याआधी

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. आपल्याला जवळचे मोठे म्हणजे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. तिथे एखादे इंजेक्शन साठ्यात नाही म्हणून बाहेरची चिठ्ठी दिली, तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटून स्थानिक खरेदीतून मिळेल का, हे विचारा.

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी पगाराची चिठ्ठी काढून बघावी. ईएसआय कापली जात असेल, तर दाखल होऊन घेतलेल्या उपचाराचा हक्क कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले यात येतात. ठेकेदाराकडचे कामगारही येतात. पैसे कापले जातात आणि कार्ड काढलेले नसते, असे वस्तीत फार आहे.

मुंबईतल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही योजना घालून दिली. अशा रुग्णाच्या बिलात औषधे एमआरपीने लावायची नसतात, रुग्णालयाला पडलेल्या खरेदी किमतीने लावायची असतात. हे वाक्य लक्षात ठेवा. तिथल्या समाजसेवा विभागात ते बोलून दाखवले की समोरच्याला कळते, या माणसाला माहिती आहे.

आपले हक्क, कागदावरचे

महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांसाठी शुश्रूषागृह नोंदणीचे नियम आहेत. जानेवारी २०२१ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. तक्रार निवारण कक्षाचा टोल फ्री नंबरही लावायचा आहे. दाखल होताना भिंतीवर बघा. नसेल तर विचारा.

हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून औषध घेण्याची सक्ती करता येत नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये तसे फलक लावायला सांगितले. त्याच वर्षी मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नावर राज्यांनी धोरण ठरवावे असे सांगितले. बाहेरून औषध आणायचे असेल, तर परवाना असलेल्या दुकानातून, पक्क्या पावतीवर, बॅच आणि मुदत बघून आणा. रुग्णालये "बाहेरच्या औषधाची खात्री नाही" असे म्हणतात. पावती आणि बॅच नंबर हे त्याचे उत्तर आहे.

उपचारांच्या कागदांची प्रत मागण्याचा हक्क आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. ट्रीटमेंट शीट त्यातच येते. मागणी लेखी करा, तारीख टाका, पोच घ्या. आणि बिलाचा वाद आहे म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही.

एक गोष्ट कधीही करायची नाही

खर्चाच्या भीतीने अँटिबायोटिक मधेच बंद करायचे नाही. अर्धवट उपचाराने आजार उलटतो आणि मग आणखी महागडे इंजेक्शन लागते. थांबवायचे, बदलायचे की गोळीवर आणायचे, हा निर्णय डॉक्टरांचाच. आपण विचारायचे ते असे :

"हे कोणत्या जंतूसाठी देताय?" डेंग्यू विषाणूने होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. सोबत दुसरा संसर्ग असेल तर द्यावे लागते, पण कारण सांगता आले पाहिजे.

"कल्चर पाठवलंय का? रिपोर्ट कधी येईल?" रक्त किंवा लघवीच्या कल्चरमध्ये कोणत्या औषधाने जंतू मरतो ते कळते. शक्य असेल तिथे पहिल्या डोसआधी नमुना घेतात. रिपोर्ट आल्यावर अनेकदा भारी औषध बंद करून साधे औषध देता येते.

"ताप उतरलाय, खातोय-पितोय, आता गोळीवर आणता येईल का?" हा प्रश्न रोजच्या राउंडला विचारायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत : सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. सेफ्ट्रिॲक्झोन आणि मेरोपेनेम जपून वापरायच्या गटात, लिनेझोलिड आणि कोलिस्टिन राखीव गटात. भारी औषधे उगाच वापरली की जंतू निर्ढावतात आणि उद्या खरी गरज पडेल तेव्हा ती चालत नाहीत. म्हणजे विचारलेला प्रश्न आपल्या खिशाला आणि आपल्या लेकरांना, दोघांनाही वाचवतो.

दाखल झाल्यापासून घरी येईपर्यंत

१. एक वही करा. रोज तारीख, अँटिबायोटिकचे मूळ नाव, डोस आणि वेळ लिहा. रुग्णाजवळ बसणाऱ्या प्रत्येकाने ती पुढच्याला द्यायची.

२. दाखल होतानाच रेशन कार्ड, आधार, ईएसआय कार्ड दाखवून योजना लागू होते का, हे विचारा.

३. दर दोन दिवसांनी चालू बिल मागा. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

४. अंतिम बिल तपशीलवार मागा. 'फार्मसी' म्हणून एकच आकडा चालणार नाही. प्रत्येक औषध, संख्या आणि दर दिसला पाहिजे.

५. वहीतले डोस, शीटवरच्या सह्या आणि बिलातल्या व्हायल जुळवा. रिटर्न बघा.

६. फरक दिसला तर आधी बिलिंगच्या माणसाशी, मग व्यवस्थापकाशी बोला. बहुतेक फरक इथेच दुरुस्त होतात.

७. नाही झाले तर पैसे भरताना पावतीवर 'हरकत राखून' असे लिहा आणि तक्रार करा. भिंतीवरच्या नोंदणी प्रमाणपत्रावर ज्या कार्यालयाचे नाव आहे, तिथे रुग्णालयाबद्दलची तक्रार द्यायची. एमआरपीपेक्षा जास्त घेतल्यास अन्न व औषध प्रशासन, १८०० २२२ ३६५. कमाल किंमत ओलांडल्यास किंमत निर्धारण प्राधिकरण, १८०० १११ २५५. त्यापुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही.

आवाज चढवायचा नाही, सिस्टरवर तर मुळीच नाही. रात्रपाळीला एकटी सिस्टर वीस-पंचवीस पेशंट बघत असते. बिल ती करत नाही, आणि तिची सही हाच आपला पुरावा आहे. तोडफोड, दमदाटी केली तर २०१० च्या कायद्याखाली गुन्हा आपल्यावर दाखल होतो आणि बिलाचा मुद्दा बाजूला पडतो.

एकट्या माणसाला हे जड जाते. आजारी माणूस आत, डोळ्यांत झोप नाही, हातात पैसे नाहीत, अशा वेळी बिल वाचायचे त्राण नसते. म्हणून प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात दोघी-तिघींनी हे शिकून घ्यावे. रविवारी वंदनेनंतर जुनी बिले आणा आणि त्यांवर सराव करा. नावे झाका, व्हायल मोजा. पुढच्या वेळी वस्तीतले कोणी दाखल झाले, की वही घेऊन एकीने सोबत जायचे. खिडकीपाशी दोन माणसे उभी राहिली आणि त्यांतल्या एकीच्या हातात वही असली, की पहिला प्रश्न विचारणे सोपे जाते.